सरूला नाताळाला आणायचं

ता. ३० नोव्हेंबर १९०२, रविवार. जुन्नर.

रोज लिहीन असं म्हणत नाही, कारण ते पाळलं जाणार नाही. पण नाताळाला पंचवीस दिवस राहिले आणि एवढ्या दिवसांत मला एक काम तडीस न्यायचं आहे. ते कुठेतरी लिहून ठेवलं म्हणजे माघार घेता येणार नाही. काम एवढंच, सरूला घरी आणायचं.

सरू माझी थोरली, नऊ वर्षांची. बाप्तिस्म्याच्या वेळी मिशनच्या साहेबांनी तिचं नाव रूथ ठेवलं, पण ते घरात कुणाच्या तोंडी बसलं नाही. गेल्या हिवाळ्यात जुन्नरात प्लेगचे उंदीर मरून पडायला लागले तेव्हा तिला साळूच्या माहेरी, महाळुंगे पडवळला पाठवली. साळूचा भाऊ कुंडलिक गाडी घेऊन आला, वेशीबाहेरच थांबला, पोरीला उचलून गाडीत घातली आणि निघून गेला. चारच दिवसांनी साळूच्या काखेत गाठ आली. माळावरच्या झोपडीत सतरा दिवस ती पडून होती. देवाची दया, गाठ फुटली आणि ती वाचली. तिच्या उशाशी तय्यब कागद्याची बायको रहिमाबी बसली. आमच्या दोन्हीकडच्या भाऊबंदांतलं कुणी फिरकलं नाही.

या गोष्टीला वर्ष होत आलं. उन्हाळ्यात आणू म्हटलं तर कुंडलिक म्हणाला, ऊन आहे. श्रावणात म्हणाला, नदीला पाणी आहे. आता पाणी नाही, ऊन नाही, गाठीचा तापही जुन्नरात अजून दिसला नाही. आगमनाचा पहिला रविवार आज झाला. उपासनेवरून येताना साळूला म्हणालो, "या नाताळाला सरू आपल्या घरात पाहिजे."

ती म्हणाली, "बघू."

तिचा स्वभावच कमी बोलण्याचा. पाच वर्षांपूर्वी मी ख्रिस्ती व्हायचं ठरवलं तेव्हाही तिनं वाद घातला नाही. मान खाली घालून माझ्या मागोमाग येऊन उभी राहिली. अशी सोबत फार थोड्यांना मिळते.

ता. ३ डिसेंबर, बुधवार.

थंडी कडक आहे. शाळेत पोरं दातावर दात वाजवत पाढे म्हणतात. मिशनच्या मराठी शाळेत मी दुसरी-तिसरी शिकवतो, आणि दरसालाप्रमाणे नाताळची गाणी बसवण्याचं कामही माझ्याकडेच आहे. धाकटी कुशी पाच वर्षांची. तिचा आवाज गोड, पण ती मध्येच थांबून विचारते, "ताई आली की ताई कुठं हुबी राहील?" मी तिच्या शेजारी जागा दाखवून ठेवली आहे.

कुंडलिकाला पत्र टाकलं. त्याला वाचता येत नाही, गावचा कुलकर्णी वाचून दाखवील.

संध्याकाळी अंगणात शेकोटी केली. साळू वाकळ शिवत होती. सरूचं जुनं परकर-पोलकं तिनं तुकडे करून वाकळीत घातलं. मी म्हणालो, "अगं, ते तिला होईल अजून." ती म्हणाली, "न्हाई व्हायचं. पोरगी वाढली आसंल."

ता. ६ डिसेंबर, शनिवार.

आज शाळेच्या पोरांना घेऊन लेण्याद्रीच्या पायथ्याशी सहल नेली. नाताळच्या आधी एक शनिवार असं बाहेर पडायची साहेबांचीच पद्धत. कुकडी ओलांडली तेव्हा पाणी घोट्यापर्यंत आणि बर्फासारखं. झाडाखाली भाकरी, ठेचा, कांदा. मडमसाहेबांनी पोरांना बिस्किटं वाटली.

साळूला वरची लेणी पाहायची होती. इतकी वर्षं जुन्नरात राहून पाहिली नाहीत म्हणाली. मी पोरांजवळ खाली थांबलो. ती कुशीला घेऊन वर गेली आणि बऱ्याच वेळानं उतरली. पायऱ्यांचा दम लागला असावा, पदरानं कपाळ पुसत पुसत येत होती. कुशीच्या मुठीत खोबऱ्याचा तुकडा होता. वर गणपतीला आलेल्या कुणी यात्रेकरूनं दिला असणार. मी तिला टाकून दे म्हटलं नाही. लहान पोर, खोबरंच ते.

परतताना साळू नेहमीपेक्षा मोकळी वाटली. मी विचारलं, "काय गं, बरं वाटतंय?" म्हणाली, "हां. वझं उतरल्यावानी झालं."

घराबाहेर पडलं की माणसाला बरं वाटतं. तिला मी असं आधीच न्यायला हवं होतं.

ता. ७ डिसेंबर, रविवार.

रविवारी बाजार करू नये असं साहेबांचं म्हणणं, पण जुन्नरचा बाजार रविवारीच भरतो, त्याला काय करणार. साळू उपासनेनंतर रहिमाबीबरोबर गेली. येताना सरूसाठी हिरवं लुगडं आणलं, लहान मुलीच्या मापाचं, आणि हिरव्या बांगड्या. मला भरून आलं. मी एकट्यानंच धडपडतो आहे असं वाटत होतं, आणि ही मनात तयारी करतेच आहे!

मी म्हणालो, "मडमसाहेबांकडे विलायतेहून पेटी आली आहे, तिच्यात पांढरे झगे आहेत. सगळ्या मुली नाताळाला तेच घालतील."

"पांढरं नगं," साळू म्हणाली. एवढ्या ठामपणे तिला बोलताना मी क्वचितच ऐकलं आहे. "तिच्या अंगाला हिरवंच खुलून दिसल."

बरं. हिरवं तर हिरवं.

ता. ११ डिसेंबर, गुरुवार.

कुंडलिकाचा निरोप आला. बाजरीचं खळं चालू आहे, सगळी गडबडीत आहेत, मी येण्याची तसदी घेऊ नये. चोवीस तारखेला तो स्वतः सरूला आणून सोडील.

वाचून आनंद व्हायला हवा होता. झालाही. पण मग तेरा दिवस का, आजच का नाही, असं मनात येत राहिलं. साळूला विचारलं तर ती म्हणाली, "सांगितलंय ना चोवीसला. दम धरा की."

ता. १६ डिसेंबर, मंगळवार. मुक्काम नारायणगाव.

थंडीतला दौरा. साहेबांचा तंबू ओढ्याकाठी आहे, आमचा लहान तंबू शेजारी, साळू आणि कुशीही बरोबर आहेत. काळोख पडला की चादर टांगून दिव्यावरची चित्रं दाखवतो. मेंढपाळ, तारा, गव्हाणीतलं बाळ. गव्हाण पाहून माणसं हसतात, त्यांना ती ओळखीची वाटते. शेवटी मी थोडं बोलतो. पाठीमागून कुणीतरी "बाटग्या" म्हणतं. आता त्याचं काही वाटत नाही असं लिहिणार होतो, पण वाटतं.

काल मला राहवलं नाही. इथून महाळुंगे पडवळ अर्ध्या दिवसाच्या वाटेवर. साहेबांकडून एक दिवसाची रजा घेतली, भाड्याची गाडी ठरवली. साळू नको म्हणत होती. "चोवीसला येनारच हाय, उगं कशाला जायाचं?" मी ऐकलं नाही. शेवटी तीही गाडीत चढली, कुशीसह.

सासूबाई झुंबरबाई ओसरीत बसल्या होत्या. आम्हाला पाहून उठल्या, पण पुढे आल्या नाहीत. अंगणातच घोंगडी टाकली. पाणी वेगळ्या गाडग्यातून आलं. घराला नवा चुना लावलेला. परसात लाकडांची मोठी रास. चार बायका जात्यावर होत्या, एक उखळात हळकुंडं कुटत होती. मी विचारलं तेव्हा कुंडलिक हसत म्हणाला, "चुलत्याच्या घरी लगीन हाय, दाजी. आमालाच बघावं लागतंय समदं."

एरवी माझ्याशी दोन शब्द न बोलणारा कुंडलिक काल फार गोड बोलत होता.

सरू आली. उंच झाली आहे. नाकात मोरणी. मी हात पसरले तर आधी आजीकडे पाहिलं आणि मग आली. मी विचारलं, "गाणी आठवतात का गं?" ती म्हणाली, "न्हाई, आबा. मला जात्यावरच्या ओव्या येत्यात." मी आणलेला गुळाचा खडा तिनं घेतला नाही. "आजीनं सांगितलंय तुमच्या हातचं खायचं न्हाई. मला गोमूत्र पाजून शुद्द केलंय." हे तिनं एखादी चांगली बातमी सांगावी तसं सांगितलं.

मी म्हणालो, "नाताळाला ये, मग बघू."

"येती," ती म्हणाली, आणि पुन्हा आजीकडे पाहिलं.

सासूबाई साळूला गोठ्यात घेऊन गेल्या. मायलेकी बराच वेळ बोलत होत्या. मला एवढंच ऐकू आलं, "पूस म्हयना लागायच्या आत समदं उरकायला पायजे. पुना पुना अशी जागा चालून यायची न्हाई." चुलतघरच्या लग्नाबद्दल असावं. साळू बाहेर आली तेव्हा डोळे लाल होते. तिनं सरूच्या तोंडावरून हात फिरवला, बोटं कानशिलावर मोडली आणि गाडीकडे न थांबता चालत गेली.

परत येताना मी म्हणालो, "आत्ताच घेऊन यायला हवी होती. बाप आहे मी तिचा." साळू बैलांच्या पाठीकडे बघत बोलली, "ती तितं सुखात हाय."

"सुखात? आपल्या हातचा गूळ खात नाही ती!"

"म्हनून तर," ती म्हणाली.

मनात एक शंका आली. ती मी लिहीत नाही. माणसावर संशय घेणं हे पाप आहे, आणि कुंडलिकानं शब्द दिला आहे.

ता. १८ डिसेंबर, गुरुवार. जुन्नर.

तय्यबभाईंच्या कारखान्यात चांदणीचा कंदील करायला बसलो. ही वहीसुद्धा त्यांनीच शिवून दिलेली. लगदा, हौद, भिंतीवर वाळत चिकटवलेले ताव, सगळं पूर्वीसारखंच, फक्त सहा हौदांपैकी एकच चालू. गिरणीचा कागद स्वस्त पडतो, जुन्नरी कागद आता कचेरीवालेसुद्धा घेत नाहीत. त्यांनी कामट्यांचा सांगाडा बांधला, मी लाल ताव चिकटवले.

"मास्तर," ते म्हणाले, "पोरीला बघून आलात, तर आनली का न्हाई?"

मी चोवीस तारखेचं सांगितलं. रहिमाबी दारात तांदूळ निवडत होत्या. त्या म्हणाल्या, "मास्तर, एक बोलू का..." तय्यबभाईंनी नुसतं त्यांच्याकडे पाहिलं. त्या सूप उचलून आत गेल्या.

मी विचारलं, "काय म्हणत होत्या?"

"काय न्हाई. बायकांचं काय तरी आसतं."

कंदील छान झाला आहे. पण घरी येताना तो हातात जड वाटत होता. मला अलीकडे प्रार्थना नीट होत नाही. शब्द म्हणतो, आणि पलीकडे कुणी नाही असं वाटतं.

ता. २१ डिसेंबर, रविवार.

दोन दिवस करंज्या आणि लाडू चालू आहेत. साळू न बसता करते आहे, मी खोबरं किसून दिलं, कुशीनं कातण्यानं कडा कापल्या. निम्मा फराळ साळूनं टोपलीत वेगळा भरला, माहेरी द्यायला म्हणून. टोपलीत खाली हिरवं लुगडं आणि बांगड्या ठेवताना दिसली, लुगड्याची घडी मीच करून दिली.

जेवताना म्हणाली, "मीच जाऊन आनते तिला. कुंडलिकाला लग्नाच्या गडबडीत सवड व्हायची न्हाई. बाजाराला आलेली महाळुंग्याची गाडी उद्या सकाळी परत चाललीय."

मी म्हणालो, "मीही येतो."

"तुमी कशापायी? तुमची गानी हायती, पोरं हायती. लेकीला आनायचं काम आयचंच."

खरं आहे. माझ्यासमोर सरू आखडते, आईबरोबर येईल. इतके दिवस जे ओझं मी ओढत होतो ते साळूनं आपणहून उचललं. जेवण झाल्यावर मी तिचे आभार मानले. ती भांडी घासत होती, तशीच घासत राहिली. मग अचानक म्हणाली, "तुमी मानूस वाईट न्हाई." असं का म्हणाली कोण जाणे.

ता. २२ डिसेंबर, सोमवार.

साळू गेली. गाडी वळेपर्यंत कुशी हात हलवत होती.

ता. २४ डिसेंबर, बुधवार.

झोप नाही, तेव्हा लिहितो.

दुपारपासून मी आणि कुशी वेशीवर दोनदा जाऊन आलो. भात करून चुलीच्या वैलावर ठेवला. चांदणी दाराला टांगून दिवा लावला. पोरं गात गात आमच्या दारापर्यंत आली, मडमसाहेबांनी विचारलं, "रूथ आली?" मी म्हणालो, "येईलच."

दिवेलागण झाली आणि रहिमाबी आल्या. उंबऱ्यातच उभ्या राहिल्या, आत या म्हटलं तरी आल्या नाहीत.

"मास्तर, वाट बघू नका. जेवून घ्या."

"का? काय झालं? साळू बरी आहे ना?"

"साळूबाई बरी हाय. तिनं मला सांगून ठेवलं व्हतं, चोवीस तारखेला दिवे लागले की जाऊन सांग, त्याच्या आदी बोलू नगंस. कुराणाची शपथ घातली व्हती मला." त्यांना रडू फुटलं. "सरूचं लगीन व्हतं आज. गोरजावर. लागलं आसंल आता."

त्या कुशीला उचलून आपल्या घरी घेऊन गेल्या. तय्यबभाईंनी सांगून पाठवलं आहे की पहाटे त्यांचं तट्टू दारात असेल.

हळकुंडं, लाकडं, चुना. हिरवं लुगडं मी स्वतःच्या हातानं घडी करून दिलं होतं.

ता. २६ डिसेंबर, शुक्रवार.

कालचं सगळं क्रमानं लिहितो. नाही लिहिलं तर मीच पुढे ते स्वतःला वेगळं सांगेन.

साहेबांना चिठ्ठी ठेवून पहाटे निघालो. महाळुंग्याच्या शिवेवरच्या विहिरीपाशी पोचायला दुपार कलली. पंगतीच्या पाण्यासाठी मोटेवर कुंडलिक होता. मला पाहून धावतच आला आणि तट्टूचा लगाम धरला.

"दाजी, हितनं मागं फिरा. पाया पडतो तुमच्या."

मी म्हणालो, "सोड. माझी पोर आहे ती. कुणाला विचारून लग्न लावलंत?"

"तिच्या आईला विचारून." मग आवाज खाली आणून म्हणाला, "दाजी, ऐका माझं. सोयरं खेडकडचं हायती, चांगलं घर, विहीर बागायत. त्यास्नी सांगितलंय की पोरीचं आई-बाप गाठीच्या तापात गेलं. बाटलेल्या घरची पोर कोन करून घेनार व्हतं? आता वरात निघनार हाय. तुमी गावात पाय ठेवलात तर पोर आजच्या आज टाकून जातील. लगीन लागून गेलंय. मग तिचं काय करायचं, सांगा?"

"आम्ही मेलो?"

"व्हय. तुमी मेलेले हायसा."

"आणि साळू?"

"ताई गोठ्यात हाय. काल सकाळधरनं. लगीन तिनंबी बघितलं न्हाई, कुडाच्या फटीतनं जेवढं दिसलं तेवढंच."

मी लगाम त्याच्या हातात दिला. फेटा सोडला, शेतातला माणूस बांधतो तसा बांधला आणि चालत गावात गेलो. काय करायला चाललो होतो? मला खरंच ठाऊक नव्हतं. ओरडायचं होतं असं आठवतं. बाप उभा आहे तुमच्यापुढे, असं म्हणायचं होतं.

मांडवात शेवटची पंगत बसत होती. वऱ्हाडातला एक पांढऱ्या मिशांचा म्हातारा पान लावत खांबाशी बसला होता. मला बघून हसला.

"या, पावणं. कुटलं म्हनायचं?"

"जुन्नरचा."

"पोरीच्या वळखीपाळखीचं का?"

त्याच क्षणी आतून सरूला बाहेर आणली. हिरवं लुगडं, कपाळाला मुंडावळ्या, हात कोपरापर्यंत पिवळे. झोप न झाल्यानं डोळे सुजलेले. झुंबरबाईंनी तिला जवळ धरलं होतं. सरूनं मला पाहिलं. तिनं मला ओळखलं याबद्दल मला शंका नाही, कारण तिचा ओठ हलला. मग तिनं आजीचा पदर पकडला आणि खाली बघितलं. नऊ वर्षांच्या पोरीला कुणीतरी नीट समजावून ठेवलं होतं, आणि तिनं ते नीट पाळलं.

म्हातारा माझ्या उत्तराची वाट बघत होता.

"नाही," मी म्हणालो. "वाटेनं चाललो होतो."

"मग बसा की. लगनघर हाय, जेवल्याबिगर जाऊ नगा." त्यानं मला हात धरून पंगतीला बसवलं. "गरीब पोर हाय बगा. आई न्हाई, बा न्हाई. आमी लेकीवानी सांभाळू." माणूस चांगला होता. तेच मला सहन होईना. पत्रावळीवर लापशी वाढली, तूप वाढलं. मी जेवलो. माझ्या लेकीच्या लग्नात मी वाटसरू म्हणून जेवलो, आणि गाडी निघाली तेव्हा बाकीच्या माणसांबरोबर उठून उभा राहिलो.

वरात दिसेनाशी झाल्यावर गोठ्यात गेलो. साळू गव्हाणीच्या कडेला बसली होती, केसांत काडीकचरा. मी म्हणालो, "का केलंस?"

तिनं वर पाहिलं. रडत नव्हती.

"मी सतरा दिस पडले व्हते तवा कोन आलं व्हतं? मी मेले आसते तर मला कोनी पुरली आसती? तुमी, साहेब आन् तय्यबभाऊ. आन् तुमीबी मेला आसता तर? ह्या पोरी कुनाच्या? मिशनच्या. झगं घालून रांगंत हुब्या."

"मला सांगायचंस. मी बाप आहे."

"तुमी मला सांगितलं व्हतं का? डोक्यावर पानी घालायच्या आदी? साहेबांनी विचारलं, राजीखुशीनं का, तर तुमीच हां म्हनलात. मी मान खाली घातली व्हती. मला रडू येत व्हतं म्हनून घातली व्हती."

पाच वर्षं मी त्या खाली घातलेल्या मानेबद्दल लोकांना अभिमानानं सांगत आलो आहे.

"मला आता ह्या गावात येता यायचं न्हाई," ती म्हणाली. "मेलेलं मानूस कसं येनार? मी तुमच्या संगंच ऱ्हानार. कुशी तुमची. तिला काय शिकवायचं ते शिकवा, मी आड येनार न्हाई. पर सरूला मानसं असू द्या. तिच्या मागं जाऊ नगा."

तट्टूवर तिला बसवून मी पायी चाललो. नारायणगावला धर्मशाळेत पडलो, आज दुपारी घरी आलो. नाताळ होऊन गेला होता.

ता. २८ डिसेंबर, रविवार.

साहेबांनी बोलावलं होतं. ते फार संतापले आहेत. म्हणाले, पित्याच्या संमतीशिवाय हे झालं, पुण्याला वकील देतो, दावा लावू, मुलगी परत मिळेल. अर्ज इंग्रजीत लिहून तयार होता. माझी सही तेवढी हवी.

मी विचारलं, "परत मिळाल्यावर ती कोण असेल, साहेब?"

ते म्हणाले, "तुझी मुलगी."

दाव्यात कुंडलिक उभा राहील, साळू उभी राहील. खेडकडचे लोक एका दिवसात पोरीला टाकतील. मग टाकलेली बायको म्हणून दहाव्या वर्षी ती माझ्या घरात येईल आणि माझ्या हातचं खाणार नाही. हे सगळं मला साहेबांना सांगता आलं नाही. मी सही केली नाही. ते म्हणाले, "तुझा विश्वास कमजोर आहे, रखमाजी." असेल. तो आहे की नाही हेच मला आता ठाऊक नाही. उपासनेत आज उभा राहिलो, बसलो, पुन्हा उभा राहिलो. सगळ्यांनी केलं तेच केलं.

साळू स्वयंपाक करते, पाणी भरते, कुशीची वेणी घालते. मी तिच्यावर रागावू शकत नाही, आणि बोलूही शकत नाही. ज्याचं उत्तर मला आधीच मिळालेलं नाही असा एकही प्रश्न तिला विचारायला माझ्यापाशी उरलेला नाही.

ता. ३ जानेवारी १९०३, शनिवार.

आज ऊन चांगलं होतं म्हणून घोंगड्या आणि वाकळी धुवायला कुकडीवर गेलो, तिघंही. कुशी काठावर दगड मांडत बसली. साळू खडकावर वाकळ आपटत होती, मी पाण्यात उभा होतो. शेजारी एक नवखी बाई धुणं धूत होती, कचेरीत बदलून आलेल्या शिपायाची बायको. बोलकी होती. गाव विचारलं, साळूनं जुन्नर सांगितलं. मग कुशीकडे बघून बाई म्हणाली, "गोड हाय पोर. किती लेकरं तुमाला?"

साळूचा हात थांबला. तिनं माझ्याकडे पाहिलं, बहुतेक मी काही बोलेन म्हणून. मी वाकून घोंगडी पाण्यात बुचकळली.

"एकच," साळू म्हणाली.

"देव आनखी देईल," बाई म्हणाली.

साळूनं भिजलेली घोंगडी उचलून एक टोक माझ्याकडे टाकलं. मी ते धरलं. तिनं तिकडून पीळ घातला, मी इकडून, आणि पाणी गळायचं थांबेपर्यंत आम्ही दोघं पिळत राहिलो.